बावन्न झाडं, एकेक मोजून

माघ अर्धा झाला की आमच्या सागवनात कुणाला चोरून चालता येत नाही. ताटाएवढाली पानं गळून घोट्यापर्यंत थर साचतो आणि पाय पडला की पापडांच्या डब्यात कुणी हात घातल्यासारखा आवाज होतो. मुंगूस गेलं तरी कळतं, सरडा गेला तरी कळतं. यंदाही तसंच सुरू झालंय. सकाळी मी शिलाईच्या मशीनवर बसते तेव्हा समोरच्या खिडकीतून पानं उतरताना दिसतात. सागाचं पान सरळ खाली येत नाही. देठापासून सुटतं, एक गिरकी घेतं, खालच्या फांदीवर जरा टेकतं, आणि मग आपल्या वजनानं जमिनीवर आपटतं. भरल्या अंगाचं पान आहे ते. त्याच्या पडण्यालाही एक वजन असतं.

पानगळ म्हटलं की लोक उदास होतात. मला कधी उदास वाटलं नाही. पावसाळ्यात सगळी झाडं सारखीच हिरवी दिसतात, गर्दीत कोण कसा ते कळत नाही. पानं झडली की प्रत्येक झाड जसं आहे तसं समोर उभं राहतं. कुणाची कंबर वाकलेली, कुणाला लहानपणी वीज चाटून गेलेली, कुणी सरळसोट. आमच्याकडे हा मोसम लांबतोही भरपूर. माघात सुरू होतो, आणि पार मिरगाच्या तोंडापर्यंत साग उघडेच असतात. पाच वर्षांपूर्वीच्या अशाच एका उघड्या मोसमात मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या आवाजात नाही म्हणाले. तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते. उशीर झाला म्हणा. पण झाला एकदाचा.

देऊळघाटच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर आमची अडीच एकर बरड आहे. मुरूम, दगड आणि मधूनमधून काटेरी झुडपं. आजोबांच्या जमिनीची वाटणी झाली तेव्हा मोठ्या काकांनी नाल्याकाठची काळी घेतली आणि आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, वाट्याला ही बरड आली. आबा ग्रामपंचायतीत शिपाई होते. भांडण करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते सायकलवरून रोपवाटिकेत गेले आणि पोत्यात ओल्या गवतात गुंडाळलेले सागाचे खुंट घेऊन आले. पेन्सिलीपेक्षा जरा जाड, पानं नाहीत, फांद्या नाहीत. मी सहावीत होते. मला वाटलं, आबांनी सरपण आणलं.

गाव हसलं. बरडीवर तीळ येत नाही आणि हा माणूस साग लावतो, कुणासाठी? मुलगा तर नाही. दोन मुली, मी आणि माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान उषा. आबा पहारीनं खड्डा पाडायचे, मी खुंट उभा धरायची आणि ते चारी बाजूंनी माती दाबायचे. पहिले दोन उन्हाळे आम्ही डोक्यावरून पाणी नेलं. कोवळं पान चुरगाळलं की तळहात लाल होतो, ते मला तेव्हाच कळलं. शाळेत मैत्रिणींना मी तो लाल हात दाखवायची. मेंदी लावली का, असं त्या विचारायच्या. मी हो म्हणायची.

मी बावीस वर्षांची असताना मेहकरकडचं एक स्थळ आलं. चहा झाला, पोहे झाले, मग मुलाचा मामा म्हणाला, "जरा शेत दाखवा." आबा त्यांना बरडीवर घेऊन गेले. परत आल्यावर मामा म्हणाला, "झाडं चांगली हायेत. अजून आठ-दहा वर्षांनी इमारती लाकूड होईल. आमच्या नावानं लेखी करून द्या, तर जमते." मी दाराआड उभी होते.  आबांनी कप खाली ठेवला आणि ते म्हणाले, "मी पोरगी देऊन राह्यलो होतो. झाडाचं तर काही बोलणं नव्हतं." पाहुणे उठले.

आणखी दोन स्थळं अशीच झाडांपाशी येऊन अडली. तिसऱ्यानंतर मीच आबांना म्हटलं, "आता नका बोलवू कोणाले." लोक म्हणतात, सुमनचं लग्न राहून गेलं. राहून काही गेलं नाही. मी ठेवलं. या दोन गोष्टींत किती अंतर आहे ते सांगायला मला पुष्कळ वर्षं शब्द सापडले नाहीत, म्हणून मी शिवत राहिले. ब्लाउज, परकर, लेकरांची झबली, शाळेचे गणवेश. गावातल्या प्रत्येक बाईचं माप माझ्या वहीत आहे.

उषाचं लग्न देऊळगाव राजाला झालं, झाडांचा विषय न निघता. तिचा नवरा एसटीच्या कामावर, सरळ माणूस. मग आई गेली, तिच्या मागोमाग आबा गेले. गावातल्या जुन्या घरात मी आणि मोठ्या काकांचा मुलगा मधुभाऊ, त्याची बायको, त्यांचा संसार, असे राहिलो. मधुभाऊ वाईट माणूस नाही, हे आधी सांगते. आबांच्या आजारपणात त्यानंच बुलढाण्याच्या दवाखान्यात चकरा मारल्या. पण घरात एकटी बाई असली की सगळ्यांना वाटतं, हिची जागा सरकवता येते. माझी मशीन आधी खोलीत होती, मग ती ओसरीवर आली. पाच वर्षांपूर्वी, पौषात, भाऊच्या मुलाचं लग्न ठरलं आणि एका सकाळी मी बाहेरून आले तर मशीन गोठ्यात. म्हशीच्या शेजारी. वर पोतं झाकलेलं.

वहिनी म्हणाल्या, "दोन महिन्याचाच तर प्रश्न हाये. सून येईपर्यंत."

"आणि सून आल्यावर?"

वहिनींनी पोतं मशीनवर आणखी पुढे ओढलं. त्यात सगळं आलं.

त्या दिवशी मी गोठ्यात बसून एका नवरीचा ब्लाउज पुरा केला. शेणाचा वास कपड्याला लागू नये म्हणून मांडीवर चादर पसरली होती. शेवटचा टाका घातला आणि संध्याकाळी जेवताना मधुभाऊला सांगितलं, "मी बरडीवर दोन खोल्या बांधणार हाये. आपल्या आपण राहीन."

"कशावर बांधशील?"

"थोडे साग विकतो."

भाऊ हसला नाही, रागावलाही नाही. "पाहू," म्हणाला. मला वाटलं, विषय तिथंच थांबला.

आठ-दहा दिवसांनी, माघाच्या दुपारी, मी सरपण आणायला बरडीवर गेले तर दुरूनच पानांचा चुरचुराट ऐकू आला. तीन-चार माणसं होती. एकाच्या हातात चुन्याचा डबा आणि कुंचला. झाडांवर पांढरी फुली मारणं चालू होतं. एका झाडावर नाही, दोनावर नाही, जे येईल त्याच्यावर. खालच्या बांधावर मधुभाऊ आणि एक जाडसर, पांढऱ्या कपड्यातले गृहस्थ बसले होते. लाकडाचे व्यापारी. तालुक्यात सगळे त्यांना सेठ म्हणतात.

"हे काय चालू हाये?" मी विचारलं.

"तूच म्हणे ना विकायचे," भाऊ म्हणाला. "सेठले दिले. उभा सौदा. मोजमाप नाही, कटकट नाही. तोडणं त्यायचं, नेणं त्यायचं. इसार घेतला मी."

उभा सौदा म्हणजे सगळं वन, झाडं उभी असतानाच, एका आकड्यात. आत किती लाकूड आहे ते व्यापाऱ्याला डोळ्यांनी कळतं आणि मालकाला कळत नाही. या एवढ्या फरकावर तो धंदा चालतो.

"सगळी?" मी म्हटलं.

सेठ उठून उभे राहिले. माझ्याशी ते फार गोडीनं बोलले. "ताई, हा काही खरा साग नाही. बरडीवरचा हाये, वाकडा, गाठीगाठीचा. अर्धा जळतणात जाणार. तुमच्या भावाकडं पाहून मी हो म्हणालो."

मी त्या कुंचलावाल्यापाशी गेले. म्हटलं, "डबा खाली ठेवा." तो सेठकडे पाहायला लागला. मी पुन्हा म्हटलं, आणि आवाज इतका मोठा निघाला की माझा मलाच ओळखू आला नाही. त्यानं डबा खाली ठेवला.

"काऊन व सुमन," भाऊ म्हणाला, "चार माणसात शोभा करतं काय? बाईमाणसाले लाकडातलं काय समजते?"

"नाही समजत. शिकतो. पण सातबाऱ्यावर माझं आणि उषाचं नाव हाये. तुम्ही इसार कशाचा घेतला? वापस करा."

भाऊचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं नाही असं नाही. ज्या माणसानं आपल्या बापाला खांदा दिला त्याला चार लोकांत खाली पाहायला लावणं सोपं नसतं. पण मी शब्द मागे घेतला नाही. पुढचे आठ दिवस मी त्या फुल्या खराट्यानं घासून काढत होते. चुना लवकर निघत नाही. सालीच्या चिरांत बसतो.

देऊळघाटला रशीदचाचा राहतात. जुने सुतार, आता हात थरथरतो म्हणून रंधा मुलाकडे दिलाय. आबांशी त्यांची जुनी दोस्ती. मी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, "चाचा, मले झाड वाचायला शिकवा."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बेचना है क्या?"

"थोडे. पण काय विकून राह्यली ते मले कळलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी ते आले. मुलानं मोटारसायकलवर आणून सोडलं. मी घरून माझा शिवणाचा टेप घेऊन गेले होते, साठ इंची, पिवळा, टोकाशी झिजलेला. चाचा तो पाहून खूप हसले. मग म्हणाले, "चलेगा. माप तो माप हाये."

झाडाचा घेर छातीच्या उंचीवर घेतात, हे मला त्या दिवशी कळलं. बुडाशी घेतला तर फुगीर येतो, वर घेतला तर कमी. जमिनीपासून साडेचार फुटांवर खडूची रेघ, रेघेवरून टेप, टेप ना सैल ना आवळलेला. वीस वर्षं मी दुसरं काय करत होते? पहिल्या झाडालाच माझा हात असा बसला की चाचा म्हणाले, "ये तो तेरेकू पहले से आता है, बेटी."

घेर झाला की ते कुऱ्हाडीच्या पाठीनं खोडावर ठोकायचे आणि कान लावायचे. "पोकळ हाये तर बोंबलते. भरलेला हाये तर चुप राहते. ऐक." मी ऐकायची. आधी काही कळेना. तिसऱ्या दिवशी कळायला लागलं. पोकळ झाडाचा आवाज रिकाम्या रांजणासारखा येतो, भरीव झाडाचा आवाज तुमच्याच मनगटात परत शिरतो. फांदी कुठं फुटली, गाठ कुठं आहे, सरळ सोट किती फूट निघेल, सगळं मी शाळेच्या दोनशे पानी वहीत लिहिलं. झाडाचा नंबर, घेर, सोटाची लांबी, शेरा. "डाव्या अंगाला गाठ." "वरती वाक." "बुडाशी पोकळ." मापांच्या वहीत मी बायकांबद्दल लिहायची तसंच: "डावा खांदा उतरता." "पाठ रुंद."

एका दुपारी सेठ तिकडून गेले. टेप पाहून थांबले. "काय ताई, सागाले ब्लाउज शिवता काय?"

चाचांनी मान खाली घातली. मी टेप खोडाभोवती धरूनच म्हटलं, "हो. आणि माझ्या हातचा कपडा कधी कमी पडला नाही. विचारा गावात."

एकूण दोनशे दहा झाडं भरली. त्यातली बावन्न विकायची ठरवली. जिथं दाटी होती, जिथं दोन झाडं एकमेकांचं ऊन खात होती, तिथलं एक काढायचं. चाचा म्हणाले, यानं राहिलेली जास्त भरतील. कुठलं काढायचं आणि कुठलं ठेवायचं हे ठरवताना मी एकेका झाडापाशी पुन्हा पुन्हा परत जायची. प्रत्येकाला मी पाणी घातलेलं. पण आबांनी हे देवराईसाठी लावलं नव्हतं. लेकींसाठी लावलं होतं. लेकीला छप्पर पाहिजे होतं. मी गेरूनं आकडे घातले, एक ते बावन्न, आणि एकदा घातलेला आकडा बदलला नाही.

उषाची सही लागणार होती. तिच्या कानावर गावातून बातमी आधीच गेली होती: बहीण भावाशी भांडते, उद्या तुझा हिस्साही खाईल. मी देऊळगाव राजाला गेले तेव्हा ती बस स्टँडवरच उभी होती. मी वही उघडून सांगायला लागले, हे झाड, हा घेर, हे असं. तिनं वही मिटली.

"ताई, मले हिशेब नको सांगू. तू डोक्यावर पाणी वाहिलं तवा मी तुह्या मागं मागं फिरत होती. कुठं सही करू?"

तिथंच बाकड्यावर, पर्स मांडीवर ठेवून, तिनं सही केली. मग आम्ही दोघी उसाचा रस प्यायलो. का कोण जाणे, पुष्कळ हसलो.

मग कचेरीच्या चकरा. स्वतःच्या रानातला साग तोडायलाही परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. पण खिडकीतल्या माणसानं कागद न पाहताच विचारलं, "घरात कोणी पुरुषमाणूस नाही का? त्याला पाठवा." मी म्हटलं, "ज्याचं नाव सातबाऱ्यावर आहे तेच माणूस तुमच्यासमोर उभं आहे." त्यानं वर पाहिलं. पुढच्या खेपेला त्यानं बसायला स्टूल दिलं. सहा खेपा झाल्या. होळी गेली, पळस फुलून झडून गेला, हरभरे निघाले, गव्हाची मळणी झाली. चैत्राच्या शेवटी वनरक्षक आले. झाडामागून झाड त्यांनी माझी यादी ताडून पाहिली, साल तासून आतल्या लाकडावर हातोड्याचा शिक्का मारला. बावन्न वेळा तो आवाज झाला. जाताना म्हणाले, "यादी कोणी केली?" मी म्हटलं, "मी." "घेरात फरक नाही निघाला," म्हणाले.

आता गिऱ्हाईक. मी चार व्यापाऱ्यांना एकाच दिवशी सकाळी बोलावलं. माल पाहा, यादी पाहा, आपला भाव चिठ्ठीवर लिहून द्या, सगळ्यांसमोर उघडू. त्या दिवशी उषा आली, चाचा आले. मी थर्मासभर चहा, वीस कप, दोन पुडे बिस्किटं आणि बसायला सतरंजी नेली. वर उघड्या फांद्या, खाली ऊन. आम्ही बसलो. नऊ वाजले, दहा वाजले, अकरा वाजले. कुणी आलं नाही.

बाराच्या सुमारास मोटारसायकलचा आवाज आला. सेठ एकटेच. सतरंजीकडे, कपांकडे पाहून ते फार हळू बोलले. "सांगतलं असतं ताई, तुम्ही विचारलं असतं तर. माह्या शब्दाबाहेर इकडं कोणी येत नाही. आता असं करा, बावन्नच द्या. पण भाव मी सांगीन तो. पावसाळा आला की परवान्याची मुदत जाईल. मग बसा मोजत."

उषानं माझा हात धरला.  मी वर पाहिलं. सत्तावीस नंबरचा साग होता. एक पान नाही अंगावर. आणि मला एकदम हसू आलं, कारण मला कळलं की घाई या माणसाला आहे. माझ्या झाडाला नाही.

"सेठ," मी म्हटलं, "हे काही टमाटे नाहीत. संध्याकाळपर्यंत सडून नाही राह्यले. मुदत गेली तर पुन्हा अर्ज देतो, कचेरीतलं स्टूल आता माझ्या ओळखीचं झालं. पुढच्या वर्षी घेर वाढलेला असेल, तवा या. तोवर मी गोठ्यात शिवतो. म्हैस काही बोलत नाही मले."

चाचा सतरंजीवर थाप मारून म्हणाले, "वाह, बेटी!"

सेठ चहा न घेता गेले. त्यांचा धुरळा खाली बसला आणि मग मी रडले. अगदी पोटातून. धीट माणसं रडत नाहीत असं कोणी सांगितलंय? उषानं बिस्किटाचा पुडा फोडला. "खाय," म्हणाली, "वीस कप चहा आपल्यालेच प्यायचा हाये."

पण उषा घरी जाऊन स्वस्थ बसली नाही. वहीतली यादी तिनं उतरवून घेतली आणि देऊळगाव राजातल्या प्रत्येक आरामशीनवर, प्रत्येक वखारीत ती पायी गेली. कुणी बसवलं, कुणी हाकललं. जालन्याच्या रस्त्यावर दारं-चौकटी बनवणारा एक कारखानदार तिला भेटला. त्याचा इकडच्या मंडळींशी काही संबंध नव्हता. त्यानं यादी दोनदा वाचली आणि विचारलं, "ही पोकळ झाडं पोकळ म्हणून कोणी लिहिली? आपल्या मालातली खोट कोणी लिहून देतं का?" उषा म्हणाली, "माझी बहीण लिहिते." तो माणूस तिसऱ्या दिवशी आला, दहा झाडं स्वतः मोजली, टेप खिशात घातला आणि म्हणाला, "बाकीची मोजत नाही. तुमचं माप मंजूर." मापावर भाव ठरला. उभ्या सौद्यात सबंध वनाचं जे मिळणार होतं, त्याहून या बावन्न झाडांचं जास्त आलं.

ते कळल्यावर सेठनी भाऊमार्फत निरोप धाडला, वरचढ भाव देतो म्हणून. भाऊनं निरोप सांगितला आणि पाय न उचलता तिथंच घुटमळत राहिला. मी म्हटलं, "शब्द देऊन झाला, भाऊ." तो म्हणाला, "मले वाटलंच होतं." त्याच्या आवाजात किंचित अभिमान होता, असं मला वाटलं. चुकत असेन.

वैशाखात आठ दिवस तोड चालली. पहिल्या झाडाला कामगारांनी नारळ फोडला. करवत फिरली, आणि मग एक असा क्षण येतो की झाड कापून झालेलं असतं आणि तरी उभं असतं. कुणी श्वास घेत नाही. मग वर कुठं तरी एक कड्कन आवाज, आणि आभाळाचा एक तुकडा मोकळा होतो. जमीन पायाखाली हलली. ताज्या सागाचा वास कातड्यासारखा, तेलासारखा, जरासा कडवट. तो माझ्या केसांत दोन-तीन दिवस राहिला. मी धुतले नाहीत.

आठही दिवस मी काज-बटणांचं काम घेऊन तिथंच बसले. तिसऱ्या दिवशी एका कामगारानं आकडा नसलेल्या झाडाला करवत लावली. चुकून असेल. मी उठले आणि हातातल्या गणवेशासकट त्या झाडाला पाठ टेकून खाली बसले, शिवत राहिले. "बाई, उठा ना, एकाच झाडाचा तर फरक हाये," मुकादम म्हणाला. मी म्हटलं, "हे यादीत नाही." त्यानं दोन मिनिटं पाहिलं आणि माणसं दुसरीकडे नेली. त्या झाडाच्या सालीवर करवतीचा ओरखडा आहे अजून. आता भरत आलाय.

मृगाच्या आधी जोतं झालं, दिवाळीला दोन खोल्या. दाराची चौकट सत्तावीस नंबरची. तेवढं एक लाकूड मी कारखानदाराकडून परत मागून घेतलं होतं. रशीदचाचांनी मुलाला बाजूला सारून स्वतः रंधा मारला, हात थरथरत होता तरी. दार जरा तिरकं बसलंय. मी सरळ करू दिलं नाही. मधुभाऊ दोन वर्षं इकडे फिरकला नाही. मग एकदा त्याची सूनच ब्लाउजचं माप द्यायला आली, आणि तिच्या मागून दिवे-लागणीला तो आला. ओट्यावर बसला, झाडांकडे पाहत म्हणाला, "आबाकाकानं काळी मागितली नाही ते बरंच झालं म्हणा." मी चहा ठेवला. त्यापुढे आम्ही त्या विषयावर बोललो नाही. सगळंच बोलून मिटत नाही, आणि मिटलंच पाहिजे असंही नाही.

लोक अजून विचारतात, एकट्या बाईला एवढं कशाला पाहिजे होतं? मी आता उत्तर देत नाही. कशाला पाहिजे हे पुरुषाला कोणी विचारत नाही. मला भल्या पहाटे माझ्या खिडकीशी मशीन लावून बसायला पाहिजे होतं, बस.

यंदाच्या पानगळीत, परवाच, एक बाई पत्ता विचारत आली. तिशीची असेल. नाव फर्जाना. थेट दुसरबीडहून, दोन बस बदलून. नवरा बांधकामाच्या कामावर दूर देशी, शेत हिच्या नावावर, बांधावर सासऱ्यांनी लावलेले पस्तीस-चाळीस साग. दिरानं परस्पर कुणा व्यापाऱ्याला उभे देऊन टाकलेले. ओट्यावर बसून ती पदराच्या टोकाशी चाळा करत होती. "लोक म्हणते तुम्ही झाडं मोजता," म्हणाली. "तुम्ही येऊन बोलसान का त्यायच्याशी? माह्यानं आवाज नाही निघत."

मी म्हटलं, "मोजायला येतो. बोलायचं तुम्हीच."

रात्री ती माझ्याकडेच राहिली, काल तिच्यासोबत गेले. दोघींनी वाटेत एसटीत बसून सगळं ठरवलं, आकडे बांधावरच्या पहिल्या सागापासून घालायचे तेही. काय म्हणायचं ते तिनं चार वेळा घोकलं. शेतात पोचलो तर व्यापारी आधीच हजर. हा वेगळाच होता, तरुण, काळा चष्मा. बांधावरच्या पहिल्या सागाला प्लास्टिकची खुर्ची टेकवून, पाय पसरून बसला होता. दीर शेजारी उभा. मला पाहून व्यापारी फर्जानाला म्हणाला, "ह्या कोण? भाभीजी, व्यवहार झाला हाये आपला. तुम्ही घरी जा, मी दादासोबत बोलून घेतो."

मी पिशवीतून टेप काढला. फर्जानाचा ओठ हलला, आवाज निघाला नाही. एक पान वरून सुटलं आणि तिच्या खांद्यावरून खाली गेलं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग दिराकडे, मग खुर्चीकडे. घोकलेलं सगळं ती विसरली होती, ते मला तिच्या डोळ्यांत दिसलं. पदर तिनं खोचला आणि ती पुढे झाली.

"भाईसाब," ती म्हणाली, "खुर्ची उचला. तुम्ही एक नंबरले टेकून बसले हाये."